संत रोकच्या चॅपेलपुढचा ओक

एमेरिक मास्तरांचं नाव माझ्यासमोर काढू नका, असं मी सगळ्यांना बजावते. आणि कोणी काढलंच तर हातातला घास खाली ठेवून मीच तासभर बोलत सुटते. आमच्या मुली लगेच भांडी घासायला उठतात. त्यांचं सगळं ऐकून झालंय.

मास्तर शहरातल्या मोठ्या शाळेत चित्रकला शिकवायचे. काटकुळी अंगलट, गळ्यात बारा महिने रेशमी रुमाल, आणि चालणं असं की वाटेतल्या प्रत्येक ढेकळाने मुद्दाम त्यांचा अपमान केलाय. उन्हाळ्याची सुट्टी लागली की 'अरण्यदृश्यं' काढायला ते आमच्याकडे सहा आठवडे मुक्कामाला यायचे. असे नऊ उन्हाळे. आमचं घर जहागिरीचं, जंगलाच्या अगदी तोंडाशी, कारण माझा नवरा ब्लाझ तिथला वनरक्षक. आमच्या परसापासून जे ओकचं रान सुरू व्हायचं ते थेट सावा नदीपर्यंत.

आता नऊ उन्हाळ्यांत मास्तर त्या रानात किती वेळा शिरले? एकदा. पहिल्या वर्षी. तेव्हा त्यांचा बूट चिखलात रुतून बसला आणि ब्लाझने तो काठीने उपसून काढला. "रेझाबाई, काय डास आहेत हो तुमच्याकडे!" असं म्हणत परतले ते तोंड एवढं सुजवून, की आमचा कुत्रा त्यांच्यावर भुंकला. दुसऱ्या वर्षापासून त्यांनी आपली पद्धत बसवली. सकाळी चरबीत तळलेली चार अंडी आणि आमच्या घरच्या सॉसेजचे काप असं भरपेट खायचं, मग छत्री, घडीचं स्टूल आणि पेन्सिलींची पेटी घेऊन रानाच्या कडेपर्यंत जायचं. तिथे उभ्याउभ्याच कागदावर चार रेघा ओढायच्या. ही जमीन, हा ओढा, ही गिरणी. पाव तासात स्वारी परत. मग उरलेला दिवस आमच्या ओसरीवर बसून रान काढायचं.

"मास्तर, झाडाकडे बघायला नको का?" मी एकदा विचारलं.

"बघून काय होतं, रेझाबाई? पान हातात बसलेलं असावं लागतं."

पान हातात कसं बसतं तेही त्यांनी मला दाखवलं. परदेशात छापलेली त्यांची एक नमुन्यांची वही होती, कडा कुरतडलेली, जीव की प्राण. तिच्यात प्रत्येक झाडाच्या पानांची एक ठरलेली रेघ. ओक काढायचा तर तीनचे आकडे एकाला एक चिकटवत जायचे. विलोसाठी नुसते स्वल्पविराम, खाली ओघळलेले. पाइनला करवतीचे दात. शाळेतली पोरं म्हणे वर्षभर नुसते तीनचे आकडे गिरवायची, आणि कोणाचा तीन चौकोनी आला तर मास्तर बोटांवर पट्टी मारायचे. त्या पोरांच्या घराबाहेर ओक उभे होते हो! खिडकीतून हात घातला तर पान हाती येईल. पण नाही. खरं पान बघितलं तर रेघ बिघडते, असं मास्तरांचं मत.

आणि पाव! त्या काळी चित्रकार चुकलेली रेघ पावाच्या मऊ गराने पुसायचे. मी पहाटे उठून पीठ मळायचं, भट्टी लावायची, आणि या गृहस्थांनी ताज्या पावाचं पोट फाडून गर काढायचा, त्याच्या गोळ्या करायच्या, आणि काळ्याकुट्ट झाल्या की माझ्या कोंबड्यांना टाकायच्या. जेवायला आम्हाला नुसती कडा. ब्लाझ काही बोलायचा नाही. शिकलेल्या माणसाला पाव पुसायला लागतो हे त्याने मान्य करून टाकलं होतं.

चित्र पुरं झालं की खाली ठसठशीत अक्षरात लिहायचे, 'जागेवर बसून निसर्गावरून काढले', आणि लपेटदार सही. जागा म्हणजे माझी ओसरी. निसर्ग म्हणजे मी, समोर शेंगा सोलत बसलेली.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीपासून खटकायची. चित्र काहीही असो, डाव्या हाताला, अगदी पुढ्यात, एक भलं मोठं झाड असायचंच. मी म्हटलं, "गिरणीपाशी कुठे आहे हो झाड?"

"तिथे नाही, पण चित्रात लागतं. नाही तर चित्र कलंडतं. नजर एका बाजूने घसरून बाहेर जाते."

"आमचं टेबल कलंडतं तेव्हा आम्ही पायाखाली चिपाट घालतो."

"अगदी तेच!" मास्तर खूश झाले. "हे झाड म्हणजे ते चिपाट समजा."

मी समजले. आणि हसून सोडून दिलं. तेव्हा काय ठाऊक, की या चिपाटाखाली माझा संसार येणार आहे.

आता ब्लाझबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हा माणूस उभ्या आयुष्यात एक विनोद करून हसला नाही. त्याला करमणूक एकच, झाडं. आमच्या ओकवर फ्रान्सचे व्यापारी तुटून पडायचे, त्यांना दारूच्या पिंपांसाठी फळ्या हव्या असायच्या. त्यामुळे रानातल्या प्रत्येक मोठ्या ओकला नंबर होता. झाड तोडलं की खाली उरलेल्या खुंटावर वनरक्षकाने आपल्या हातोड्याने शिक्का ठोकायचा. बिनशिक्क्याचा खुंट सापडला की वनरक्षक चोर. एकोणीस वर्षांत ब्लाझच्या रानात बिनशिक्क्याचा एक खुंट निघाला नव्हता. व्यापारी संध्याकाळी दारात येऊन, "फक्त एकदा तोंड फिरव, दादा," म्हणायचे आणि हा त्यांना फाटकापर्यंत पोचवून कडी लावून यायचा. मीच कधीकधी वैतागायचे. म्हणायचे, "अरे, निदान चहाची साखर तरी घे त्यांच्याकडून." तो दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाही.

नवव्या उन्हाळ्यात मास्तरांनी संत रोकचं चॅपेल काढलं. रानातलं ते छोटंसं चॅपेल, पुढे गवताचं मैदान, आणि त्या मैदानात झाडाचं नाव नाही. चित्रात मात्र डावीकडे ओक. आणि काय ओक! बुंधा दोन बैलगाड्यांएवढा, वर मोडलेली एक फांदी, पोटात ढोली, अंगावर आयव्हीची वेल. ते चित्र मास्तरांनी जहागीरदारांच्या आईला, बाईसाहेबांना, भेट दिलं. दरवर्षी एक द्यायचे. बाईसाहेबांनी त्यांचा एक मखमली अल्बम केला होता, आणि तो पुस्तकासारखा छापायचा असं चाललं होतं. भेट देऊन मास्तर गंधकाच्या झऱ्यावर सांधे शेकायला निघून गेले.

बाईसाहेब वर्षातले दहा महिने व्हिएन्नात. जंगल त्यांना अल्बममधलं माहीत. चित्र बघून त्यांनी ठरवलं, यंदा संत रोकच्या जत्रेला पाहुण्यांना घेऊन त्या ओकखाली बसायचं. चार गाड्या आल्या. गालिचे आले, बर्फातल्या बाटल्या आल्या, पिसांच्या टोप्या घातलेल्या सहा बायका आल्या. मैदानात उतरल्या आणि बघतात तो गवत. ऊन मी म्हणत होतं.

"माझा ओक कुठाय?" बाईसाहेब म्हणाल्या.

वनाधिकारी हिंत्स पुढे झाले. हे साहेब दोन वर्षांपूर्वी नेमून आलेले, मिशीला मेण, आणि जंगल त्यांना नकाशातलं माहीत. म्हणजे एकीला अल्बममधलं आणि दुसऱ्याला नकाशातलं. त्यांनी मैदानाकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि ब्लाझकडे बोट केलं.

"विकलास?"

ब्लाझ म्हणाला, "साहेब, इथे ओक नव्हता."

"यादी आण."

यादी आणली. यादीत त्या जागी ओक नाही. हिंत्ससाहेबांचे डोळे चमकले. "यादीतच घातला नाही! म्हणजे चोरायचा बेत पहिल्यापासून होता."

"साहेब, खुंट तरी असेल ना?" ब्लाझ म्हणाला.

"खुंटही उपटून नेला! केवढा पाताळयंत्री माणूस!"

मी जत्रेत तिथेच होते, हातात आक्रोडाच्या रोलचं ताट. ताट खाली ठेवून मी ओरडले, "अहो साहेब, मास्तर झाड पदरचं घालतात! चित्र कलंडू नये म्हणून!" त्या सहा बायका फिस्सकन हसल्या. हिंत्ससाहेबांनी चित्राखालची ओळ मला वाचून दाखवली, हळूहळू, बहिऱ्याला सांगावं तशी. जागेवर बसून. निसर्गावरून. मग म्हणाले, "एक प्राध्यापक खोटं लिहितो आणि लुगाराची बायको खरं बोलते, होय?"

लुगार म्हणजे आमच्याकडे वनरक्षक. एरवी तो शब्द आम्ही अभिमानाने सांगतो.

पण खरी गंमत पुढेच. साक्षीदार निघाले! डुकरं राखणारा स्तिपान, त्याला ब्रँडीचा पेला दिला आणि विचारलं, तर म्हणाला, "होता तर! माझी डुकरं त्याच्याखालची फळं खाऊनच एवढी माजली." चॅपेलची घंटा वाजवणारा म्हातारा तादिया तर रडायलाच लागला. म्हणे त्याच्या लग्नाची वरात त्या झाडाखाली थांबली होती आणि नवरीच्या डोक्यावर ओकचं फळ पडलं होतं. मेल्याची बायको पलीकडच्या गावची, वरात नावेतून आली, सगळ्या गावाला ठाऊक! पण मोठ्या लोकांनी एवढ्या प्रेमाने विचारलं तर नाही कसं म्हणायचं? संध्याकाळपर्यंत गावातल्या अर्ध्या लोकांनी त्या ओकखाली दुपारची झोप काढलेली होती.

निकाल तिथेच लागला. संत मिखाएलच्या सणापर्यंत घर खाली करायचं, हातोडा परत करायचा, आणि वर 'चोर' म्हणून शेरा, म्हणजे दुसऱ्या कुठल्या जहागिरीत कोणी उभं करणार नाही. सहा आठवडे. तीन मुली, एक गाय, आणि जायला जागा नाही.

मी मास्तरांच्या पत्त्यासाठी शाळेत दोनदा जाऊन आले. शाळेला कुलूप. झऱ्यावरून ते कधी येणार, शिपायालाही माहीत नाही. मी वाट बघत बसले, आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत ब्लाझचं काहीतरी बिघडत चाललं. आधी तो जेवेना. मग पहाटे उठून कुठेतरी जायला लागला. एकदा मी मागोमाग गेले. बघते तर चॅपेलपुढे हा कुदळ घेऊन खणतोय. सगळं मैदान उकरून ठेवलेलं, गुडघ्याएवढे खड्डे.

"अरे, काय करतोयस हे?"

"मुळं शोधतोय," तो म्हणाला. "एवढं झाड असेल तर मुळं असणार. सगळी कोणी काढू शकत नाही."

"पण झाड नव्हतंच ना, ब्लाझ!"

तो कुदळीवर हात टेकून उभा राहिला. अकरा दिवस तो खणत होता. मग हळूच म्हणाला, "रेझा, मास्तर शिकलेला माणूस. तो उगाच कशाला काढेल? आणि काल मला ती ढोली आठवली. तिच्यात घुबड राहायचं. मला वाटतं, होता गं ओक. माझ्याच डोक्यातून गेला असेल. मीच कोणाला तरी नेऊ दिला असेल."

मी तिथेच खाली बसले. घर जाणार म्हणून मला रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. ज्या माणसाने कधी दुसऱ्याची काडी उचलली नाही, तो स्वतःला चोर समजायला लागला होता, आणि कशामुळे? तीनच्या आकड्यांमुळे!

त्याच दिवशी मी शेजाऱ्याची गाडी मागून घेतली आणि शहर गाठलं. शाळा नुकती उघडली होती. मास्तर आपल्या खोलीत, झगा घालून, कॉफी पीत बसलेले. मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पडला, नाही म्हणत नाही. पण कप काही खाली ठेवला नाही.

"फार वाईट झालं, रेझाबाई. पण तुम्ही समजून घ्या. कलेतलं सत्य वेगळं असतं."

"घर वेगळं नसतं, मास्तर. ते एकच आहे."

"माझा अल्बम छापायला चाललाय. नावच आहे 'निसर्गावरून'. आता मी जाऊन सांगू, की झाड मी घातलं?"

"हो. एवढंच सांगायचं. चार शब्द."

"एकवीस वर्षं, रेझाबाई. एकवीस वर्षं मी शिकवतोय. लोक काय म्हणतील?"

"नऊ वर्षं माझ्या पावाने रेघा पुसल्यात," मी म्हटलं, "आता कोट चढवा आणि चला. नाही तर मी तुमच्या शाळेच्या पायरीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, की रान कुठे बसून काढता. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे."

माहीत होता. त्यांनी कोट चढवला. गाडीत सगळा रस्ता ते पुटपुटत होते, भाषणाची तयारी. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, घाबरट आहे, पण माणूस आहे.

जहागीरदारांच्या हवेलीत आम्हाला आत घेतलं. वाटेत बरोबर घेतलेला ब्लाझ बाहेर अंगणातच थांबला, टोपी हातात. आत बाईसाहेब, हिंत्ससाहेब, आणि टेबलावर तो मखमली अल्बम, चॅपेलच्या पानावर उघडलेला. मास्तर वाकले. खोकले. रुमाल सैल केला.

"बाईसाहेब, तो ओक... म्हणजे तो, एका अर्थाने, आदर्श ओक आहे."

"आदर्श?" हिंत्ससाहेबांनी वही काढली. "ही कुठली जात? किती घनफूट?"

"म्हणजे असं, की तो तिथे असावा असं वाटतं. तो... मनातला आहे."

बाईसाहेबांनी मास्तरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचे डोळे पाणावले. "किती कोमल मन हो तुमचं! त्या चोराला वाचवायला तुम्ही स्वतःच्या चित्राला खोटं म्हणायला निघालात! हिंत्स, याला म्हणतात कलावंत."

आता बोला! मी मास्तरांकडे बघत राहिले. आत्ता म्हणतील, नाही बाईसाहेब, खरंच नव्हता. आत्ता म्हणतील. मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. मग छातीवर हात ठेवून इतके खाली वाकले की रुमाल टेबलाला लागला.

त्या वाकण्याला मी अजून माफ केलेलं नाही. मेल्यावरही करणार नाही.

माझं डोकं फिरलं. मी टेबलापाशी गेले आणि अल्बमचं पान उलटलं. हिंत्ससाहेब "ए, ए!" म्हणत पुढे झाले, पण मी बघितलं आणि थांबले, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तेही थांबले. मला वाचता येत नाही. पण वनरक्षकाची बायको झाड ओळखते. नऊ वर्षं ती चित्रं मी ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून बघितली होती, जवळून कधी बघितली नव्हती.

"हे काय आहे, बाईसाहेब?" मी विचारलं.

"ही गिरणी."

"आणि हा ओक. वर मोडलेली फांदी, पोटात ढोली. मोजा, आयव्हीची पानंसुद्धा तेवढीच." पान उलटलं. "हे?"

"तळं."

"हाच ओक. हीच फांदी." पुढचं पान. "इथे उलटा काढलाय, पण ढोली बघा, तीच. हा लाकडाच्या पुलापाशी. हा जुन्या किल्ल्यापाशी. आणि हे कुठलं? इथे तर नदीच्या पात्रात उभा आहे, पाण्यात! बाईसाहेब, माझ्या नवऱ्याने हे एक झाड नऊ ठिकाणांहून चोरलं का? का ते रात्री पायांनी चालत फिरतं?"

हिंत्ससाहेब वाकले. स्वतः पानं उलटली. एकदा पुढून, एकदा मागून. नऊ चित्रं, नऊ वेळा तोच ओक. नऊ वर्षं हवेलीत तो अल्बम आल्यागेल्याला दाखवला जात होता, आणि एकाही माणसाने ते झाड ओळखलं नव्हतं, कारण कोणी झाडाकडे बघतच नव्हतं, सगळे मखमल बघत होते.

बाईसाहेबांनी अल्बम हळूच मिटला. "मला आवडला होता हो तो," त्या म्हणाल्या. मग हिंत्ससाहेबांकडे वळल्या. "म्हणजे चोरी झाली नाही?"

"तसं दिसत नाही, बाईसाहेब."

"मग ही बाई अजून इथे का उभी आहे?"

झालं. एवढाच न्याय. ना 'चुकलं' ना 'माफ कर'. मी अंगणात आले, ब्लाझला म्हटलं, "घर राहिलं. झाड नव्हतं." तो पायरीवर बसला आणि टोपीत तोंड घालून ओक्साबोक्शी रडला. इतक्यात मास्तर मागून आले, पांढरेफटक. "रेझाबाई, तुम्ही मला धुळीला मिळवलंत."

मी बोलणार होते, पुष्कळ बोलणार होते. पण ब्लाझने मान वर केली. "मास्तर," तो अगदी आदराने म्हणाला, "ते झाड तुम्ही कुठे बघितलं होतं?"

"वहीत. पान चौदा."

"आणि ज्याने वही काढली, त्याने कुठे बघितलं?"

हा विचार मास्तरांना पहिल्यांदाच सुचत असावा. "त्याच्या मास्तरांच्या वहीत असेल," ते म्हणाले.

धुळीला बिळीला काही मिळाले नाहीत ते. अल्बम छापायचं ठरलं ते ठरलंच. बाईसाहेबांनी फक्त एवढं सांगितलं, की ओक एकाच चित्रात ठेवा, बाकीच्या आठांतून पुसून टाका. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात गृहस्थ पुन्हा आमच्या दारात हजर, बगलेत अल्बम. "रेझाबाई, थोडा पाव मिळेल का? आठ झाडं पुसायची आहेत." मी मक्याची शिळी भाकर आणून दिली, दगडासारखी. तिने कागद खरवडला गेला आणि तीन चित्रांत ओकच्या जागी भोक पडलं. त्या भोकावर त्यांनी खडक काढले. तेही वहीतलेच. मास्तरांना पुढे पदक मिळालं, आणि शहरात अजून कोणाच्याही दिवाणखान्यात जा, भिंतीवर त्यांच्या शिष्याने काढलेलं रान असतं, डावीकडे मोडक्या फांदीचा ओक.

ब्लाझची नोकरी राहिली. पण गावाचं काय करायचं? हवेलीत काय झालं ते मी घरोघर सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. ज्या ओकखाली आपण झोपलो, तो नव्हता कसा? स्तिपानच्या डुकरांचं काय? तादियाच्या वरातीचं काय? गावाने आपला निकाल लावला: ब्लाझने ओक विकला, खुंटासकट गायब केला, आणि बायको इतकी बिलंदर की हवेलीत जाऊन उलट त्यांनाच शेंडी लावून आली. आणि त्यासाठी लोक आम्हाला मान द्यायला लागले हो! गुत्त्यात ब्लाझ शिरला की डोळे मिचकावायचे. "ये रे, बैस. सांग तरी, खुंट कसा काढलास?" तो लालबुंद व्हायचा, यादी काढून दाखवायचा, पुन्हा पुन्हा समजावायचा. जितकं समजवावं तितके ते हसायचे. शेवटी त्याने गुत्ता सोडला. चौदा वर्षं तो चॅपेलच्या वाटेने गेला नाही, लांबून वळसा घालायचा.

मग गुडघे गेले आणि त्याच्या जागी नवा माणूस आला. इग्न्यात त्याचं नाव, चाळिशीचा, भारदस्त, तीन जहागिऱ्यांत काम केलेला. आमच्याच स्वयंपाकघरात ताबा द्यायचा होता. खुर्च्या दोन होत्या. एकीवर इग्न्यात ऐसपैस बसला, दुसरीवर त्याने आपली पिशवी ठेवली, आणि ब्लाझ उभ्यानेच एकेक झाडाची यादी वाचत राहिला, नंबर, जाडी, कुठल्या वाटेवर. तासभर. इग्न्यात जांभया देत होता. मला त्याच्या डोक्यात कढईच घालावीशी वाटत होती.

यादी संपली. ब्लाझने हातोडा टेबलावर ठेवला. इग्न्यात तो उचलत म्हणाला, "बरं आजोबा, सगळ्यात मोठं झाड कोणतं होतं तुमच्या रानात?"

"संत रोकच्या चॅपेलपुढचा ओक," ब्लाझ म्हणाला.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"बुंधा दोन बैलगाड्यांएवढा. वर मोडलेली फांदी. पोटात ढोली, तिच्यात घुबड राहायचं."

"पण त्या मैदानात तर काहीच नाही," इग्न्यात म्हणाला.

"नाही ना," ब्लाझ म्हणाला. "मीच चोरला. मुळासकट." आणि माझ्याकडे बघून त्याने डोळा मिचकावला. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली होती, आणि हा त्याचा पहिला विनोद.

मी हसले नाही. मला हसताच येईना. इग्न्यात मात्र त्याच्याकडे वर मान करून बघत राहिला. मग उठला, खुर्चीवरची पिशवी खाली ठेवली, खुर्ची रुमालाने पुसली आणि म्हणाला, "बसा ना, काका."